उसन्या गोळ्या

परदेशी जायचं ठरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला समोर बसवून एकच गोष्ट दोनदा सांगितली. गोळ्या आहेत त्या पाकिटांतच न्यायच्या, माझं पत्र पासपोर्टबरोबर ठेवायचं, आणि पोचल्यावर आधी तिथला डॉक्टर गाठायचा, पडदे मागाहून लावायचे. डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, पण सूनबाईचं दुखणं त्यांनीच आटोक्यात आणलं होतं. सूनबाईला फीट यायची. म्हणजे एके काळी यायची. सकाळी एक, रात्री एक अशी पांढरी गोळी ती देवाची आरती चुकेल पण ही चुकणार नाही अशा नेमाने घेत होती, आणि गेली कित्येक वर्षं तिला एकदाही फीट आली नव्हती.

घरी येऊन तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली.

नवरा इंजिनिअर होता. सरळ रस्ता समोर दिसला की यात काहीतरी सुधारणा करता येईल असं ज्यांना वाटतं, त्या जातीचा. शिवाय त्याची अडचण खरी होती. वडील गेल्यापासून आई एकटी पडली होती, आणि आता तीही या दोघांबरोबर निघाली होती. आईला सुनेच्या दुखण्याचा पत्ता नव्हता. सूनबाईने त्याला लग्नाआधी, दुसऱ्याच भेटीत, समोरचा चहा निवायच्या आत सगळं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला होता, मला चालतं. मग जरा थांबून म्हणाला होता, "आईला मात्र सांगायला नको. आई चांगलीच आहे गं, पण हे तिला झेपणार नाही." इतकी वर्षं सासूबाई वेगळ्या गावी, हे दोघे वेगळ्या गावी. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती.

"विमानतळावर बॅग उघडली तर?" तो म्हणाला. "आई शेजारी उभी असणार. तो अधिकारी एकेक पाकीट वर धरून विचारणार, हे कशाचं. मग?"

"मग सांगू."

"तिथे? रांगेत? वेडी आहेस का?"

कधीतरी ऑफिसच्या कामाने बाहेरदेशी गेला असताना त्याने कॅल्शियमची एक भली मोठी बाटली आणली होती. ती त्याने रिकामी केली, धुतली, पुसून कोरडी केली. मग दोघे पलंगावर बसले आणि वालाच्या शेंगा सोलाव्यात तशा एकेका पाकिटातून गोळ्या फोडून बाटलीत टाकू लागले. रिकाम्या पाकिटांचा चकचकीत ढीग त्याने स्वतः नेऊन कचऱ्यात टाकला. सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. पण एकदा बॅगा भरायला घेतल्या की नवरा-बायकोत भांडायला इतके विषय असतात, की एखादा सोडून द्यावा लागतो. तिने हा सोडला.

विमानतळावर कोणी बॅग उघडली नाही. "सुंठीवाचून खोकला गेला," असं म्हणून तो दिवसभर खुशीत होता.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच, मध्ये कमरेएवढा कट्टा. बाटली सूनबाईने चहाच्या डब्याशेजारी उघड्या फळीवर ठेवली. लपवलेली वस्तू माणूस शोधतो, उघड्यावरच्या वस्तूकडे कोणी पाहत नाही, हाही नवऱ्याचाच सिद्धांत. डॉक्टर मात्र तिने खरंच लवकर गाठला. त्याने डॉक्टरीणबाईंचं पत्र वाचलं आणि गोळ्या पाहायला मागितल्या. तिने बाटली पुढे केली. तो लेबलाकडे पाही, तिच्याकडे पाही. पत्रात एक औषध, बाटलीवर दुसरंच; नाव-गाव नसलेल्या सुट्ट्या गोळ्यांवरून मी पुढचं औषध लिहून देऊ शकत नाही, म्हणाला. मोठ्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो, तुमचा नंबर आला की कळवतील. नंबर यायला महिने लागतील हे त्याने इतक्या नम्रपणे सांगितलं, की तिने उलट त्याचे आभार मानले. बाटलीत तोवर पुरतील इतक्या गोळ्या होत्या. एखाद-दुसरी कमी पडली तर पाहू, असं तिने मनाला समजावलं.

मग तिला पाळणाघरात नोकरी लागली. चालता न येणाऱ्या, नुसत्या पालथ्या पडणाऱ्या मुलांची खोली तिच्याकडे आली. त्या मुलांना तिची भाषा येत नव्हती आणि त्यांची अजून कुठलीच भाषा नव्हती, त्यामुळे त्यांचं छान जमलं. दिवसभर खांद्यावर कोणी ना कोणी असे. संध्याकाळी घरी येताना तिच्या अंगाला दुधाचा वास येई आणि तो तिला आवडे.

इकडे सासूबाईंचं काही बरं नव्हतं.

आल्या तेव्हा त्या गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत होत्या, पण बाकी खणखणीत होत्या. पुढे महिन्याभरात गुडघ्यांची तक्रार बंद झाली आणि बाकीच्याच तक्रारी सुरू झाल्या. दिवसाउजेडी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागे. चालताना भिंतीला हात. एकदा फोनवर बहिणीशी बोलताना त्यांची जीभ इतकी जड झाली, की पलीकडून बहिणीने विचारलं, "तोंडात पान आहे का गं?" मुलगा म्हणे, हवा मानवत नाही. सूनबाई म्हणे, एकटेपणा असेल. दोघांनी मिळून त्यांना एक लोकरीचा स्वेटर आणला. माणसाला काय झालंय हे कळत नसलं की आपण त्याला काहीतरी पांघरायला देतो.

आणि मग सूनबाईचा हात उडाला.

सकाळची वेळ होती. मांडीवर मूल, हातात दुधाची बाटली. एकाएकी तिचा उजवा हात कोणी दोरी ओढल्यासारखा वर गेला. दूध मुलाच्या तोंडावर, गळ्यात, सगळीकडे. मूल रडलंही नाही, चकित होऊन तिच्याकडे बघत राहिलं. हा झटका तिच्या ओळखीचा होता. पूर्वी मोठी फीट यायच्या आधी तो असाच पुढे येऊन वर्दी देऊन जाई. तिने मुलाला जमिनीवरच्या गादीवर ठेवलं, स्वतः त्याच्यापासून चार हात लांब जाऊन बसली आणि पाळणाघराच्या मोठ्या बाईंना हाक मारली. मला ताप आहे, म्हणाली. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. घरी जा, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत तिला एकच गोष्ट कळत नव्हती. एकही गोळी चुकली नव्हती. मग दुखणं उलटलं कसं? इतक्या वर्षांनी औषधच लागू पडेनासं झालं असेल तर तिला कुठे जागाच उरत नव्हती. नोकरी नाही, मूल होऊ द्यायचं ठरवलं होतं तेही नाही, आणि ते गुपित तर फीट आल्या दिवशीच फुटणार. तिने नवऱ्याला बोलावून घेतलं. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्या आताशा सकाळीही झोपत.

तिने बाटली घेतली, जेवणाचं ताट घेतलं आणि सगळ्या गोळ्या ताटात ओतल्या. एरवी ती पहाटेच्या अंधुक उजेडात एक गोळी तळहातावर घेई आणि पाण्याबरोबर टाकी. असं पसरून तिने कधी पाहिलंच नव्हतं.

ताटात दोन जातीच्या गोळ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही लांबट. पण एकीवर मधोमध रेघ होती आणि दुसरी बिनरेघेची, अंगाने जरा जाड. आणि जाड गोळ्याच जास्त होत्या.

"बाटली नीट रिकामी केली होतीस ना?" तिने विचारलं.

"धुतली होती मी. तुझ्यासमोर."

"मग हे काय आहे? कॅल्शियम आहे हे. मी कॅल्शियम खातेय. रोज मुलं मांडीवर घेऊन बसतेय आणि कॅल्शियम खातेय."

"हळू बोल. आई उठेल."

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसं झालंय. डॉक्टरीणबाई सांगत होत्या पाकिटात ने म्हणून."

"अगं, शपथ घेऊन सांगतो, बाटलीत एक गोळी नव्हती."

"त्या माझ्या आहेत," दारातून आवाज आला.

सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. केस विस्कटलेले, चेहरा झोपेने सुजलेला. त्या भिंतीभिंतीने ताटापर्यंत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि ताटाकडे बघत, शाळेत पकडल्या गेलेल्या मुलीसारख्या बोलू लागल्या.

"जाड्या माझ्या. इथे आल्यावर गुडघे फार ठणकायचे गं. माझ्या कॅल्शियमने काही फरक पडेना. तू रोज न चुकता घेतेस ती बाहेरची, मोठ्या कंपनीची. म्हटलं, एक घेऊन बघू. त्या दिवशी अशी झोप लागली म्हणून सांगू, हे गेल्यापासून तशी लागली नव्हती. गुडघ्याचंसुद्धा भान राहिलं नाही. मग रोजच घ्यायला लागले. पण फुकट नाही घेतली हो. एक काढली की माझी एक आत टाकायची. उसनी साखर आणली तरी वाटी शिगोशीग भरून परत करणारी मी. तुझ्याकडे मागायला हवी होती. सुनेकडे गोळी मागायची लाज वाटली." एवढं बोलून त्यांनी खरंच हात जोडले. "चुकलं माझं. एवढं भांडू नका त्यावरून."

सूनबाईला उलगडा झाला. म्हणजे हे एकाच ताटातलं दोघींनी खाल्लं होतं. हिची गोळी त्यांच्या पोटात, त्यांची हिच्या. ती सकाळ-संध्याकाळ रिकाम्या हाताने लढत होती, आणि ज्यांना काही नव्हतं त्या फीटच्या औषधाने झिंगून भिंती धरत होत्या. हसावं की रडावं कळेना असं म्हणतात, पण तिला कळत होतं. तिला रडायचंच होतं.

सासूबाईंच्या पाठीमागे नवरा उभा होता. त्याने मान हलवली. नको, अशी. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव होता, आणि तिला त्याचा हिशोब लख्ख दिसला. आई स्वतःच माफी मागते आहे. कॅल्शियम जास्त झालं म्हणून चक्कर येत होती, असं सांगायचं. उद्यापासून बाटली कपाटात. सगळं जागच्या जागी. एका शब्दाचीही गरज नाही.

तिच्या मनात तो मोह आला नाही असं कोण म्हणेल? आला. चांगला घटकाभर बसला. या बाईने उद्या तिच्याकडे बघायची तऱ्हा बदलली तर या तीन खोल्यांत पळून जायला दुसरी जागा नव्हती. पण डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य तिच्या डोक्यात लहानपणापासून खिळ्यासारखं बसलं होतं: ही गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम तोडली तर कधी फीट न आलेल्या माणसालाही येऊ शकते. सासूबाई आता शरमेने त्या बाटलीला हात लावणार नव्हत्या. आजपासूनच. आणि त्यांचे ते जोडलेले हात तिला बघवत नव्हते.

तिने ते हात धरून खाली घेतले.

"आई, ते कॅल्शियम नव्हतं. मला फीट येते. ते फीटचं औषध आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि मान वळवून मुलाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"लग्नाआधी?"

"हो. आई, मी सांगणारच होतो."

"कधी? मी गेल्यावर?"

त्यांनी पुन्हा सुनेकडे तोंड केलं. जीभ जड होती, पण शब्द एकेक करून नीट बाहेर येत होते.

"मी मोडता घालीन असं वाटलं तुम्हाला."

सूनबाई ताटातली एक गोळी बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिली.

"वाटलं ते बरोबर होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी नाहीच म्हटलं असतं. तोंडावर नाही. पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला असता. तुझ्या आईने तो खरा मानला असता, नाहीतर तसं दाखवलं असतं."

सूनबाईला हे लागलं. खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं. इतकी वर्षं जे भय तिने नवऱ्याच्या शब्दावर बाळगलं होतं, ते आता समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून, हो, मी खरं होतं, म्हणत होतं.

"पण मग हे इतके दिवस तू काय खाल्लंस?" सासूबाईंना एकदम काहीतरी उमगलं. "माझं? माझं कॅल्शियम खात होतीस तू? आणि आज काय झालं म्हणून घरी आलीस?"

तिने हात उडाल्याचं सांगितलं. मुलाच्या तोंडावर दूध सांडल्याचंही. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यानंतर त्या दिवसभर एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुपारी तिघे इस्पितळात गेले. या खेपेला नवऱ्याने डॉक्टरीणबाईंचं पत्र, उरलेल्या गोळ्या, बाटली, सगळं टेबलावर मांडलं आणि आपण काय केलं ते सांगितलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून त्यांनी दोघींना तेच औषध लिहून दिलं, प्रत्येकीच्या नावाच्या वेगळ्या पाकिटांत: सुनेला पूर्वीसारखंच चालू ठेवायला, सासूला हळूहळू कमी करत बंद होईपर्यंत. मग सूनबाईला म्हणाल्या, औषध अंगात पुन्हा मुरेपर्यंत फीट येऊ शकते, येणार नाही अशी खात्री मी देत नाही. एकटीने शेगडीपाशी उभं राहायचं नाही. पाण्यापाशी एकटीने जायचं नाही. मुलं उचलायची नाहीत. नवऱ्याने आईला ते सगळं शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसून सूनबाईने पाळणाघराच्या मोठ्या बाईंना फोन केला आणि खरं ते सांगितलं. बरी झालीस की ये, आपण बोलू, असं त्या म्हणाल्या. बोलू म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. घरी येताना बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. रात्री त्या जेवल्या नाहीत. मुलाने ताट नेलं तर ते तसंच परत आलं.

सकाळी नवरा औषधाच्या दुकानात गेला होता. सूनबाई टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाली. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. सासूबाई आता परत जायचं म्हणतील, आज नाही तर उद्या, आणि बहिणीला, नात्यागोत्याला सगळं कळेल, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. दार लोटून ती कडी लावणार, तोच बाहेरून फरशीवर काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. जरा सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा.

"कडी लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

तिने दार उघडून पाहिलं. जेवणाच्या टेबलाची जड खुर्ची सासूबाई एकट्या ओढत आणत होत्या, एक हात भिंतीला लावून. त्यांचाच तोल अजून थाऱ्यावर नव्हता. दारासमोर खुर्ची टेकवून त्या धाप ओसरेपर्यंत थांबल्या आणि मग बसल्या.

"आई, तुम्ही कशाला? हा येईल इतक्यात. मी थांबते."

"त्याच्याशी मी बोलत नाहीये. तू जा आत. दार नुसतं लोटून घे."

ती आत गेली. नळ सोडला. बादलीत पाणी पडू लागलं.

"आणि गप्प राहू नकोस," दाराआडून आवाज आला. "काहीतरी बोलत राहा. बोलायची थांबलीस की मी आत येणार. मग लाजायचं नाही."

"काय बोलू?"

बाहेर सासूबाईंनी खुर्ची दाराच्या आणखी जवळ ओढली.

"पहिल्यांदा कधी आली, ते सांग."

सूनबाईने नळ बारीक केला, म्हणजे आवाज बाहेर नीट जाईल. हे तिने तिच्या आईशीसुद्धा कधी बोलून काढलं नव्हतं. शाळेत प्रार्थना चालू होती, असं तिने सुरू केलं. मी दुसऱ्या रांगेत उभी होते.

"मोठ्याने," सासूबाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाहीये."